सिस्टरवर पाटी लावता येत नाही

गणेशोत्सवाचा हिशेब लागला की आमच्या मंडळाच्या खात्यात थोडे पैसे उरतात, आणि त्यांचं काय करायचं यावर दरवर्षी कार्यकारिणीत चर्चा होते. यंदा मलावीचं नाव निघालं. आमच्यातलं एक कुटुंब पूर्वी बरीच वर्षं ब्लँटायरला होतं, त्यांनी तिकडच्या एका जिल्हा रुग्णालयाची माहिती आणली. तिथल्या मुलांच्या वॉर्डाला मदत करायची, एवढ्यावर पाच मिनिटांत सगळ्यांचं एकमत झालं. पुढचा दीड तास कोणतं यंत्र पाठवायचं यात गेला. मॉनिटर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, की श्वासाला मदत करणारं सीपॅप? मी म्हटलं, यंत्र राहू दे, तिथल्या दोन नर्सना मुलांच्या नर्सिंगचं शिक्षण घ्यायला पाठवू. जरा शांतता झाली. मग खजिनदार काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, नर्स तर तिथे आहेतच की. मशीन नाहीये."

मतं घेतली तेव्हा मला दोन पडली. त्यातलं एक माझं होतं.

तेव्हा हा लेख रागाने लिहिते आहे हे आधीच कबूल करते. राग काकांवर नाही, ते भला माणूस आहेत आणि वर्गणीतला पैसा न् पैसा जपतात. राग आहे तो "नर्स म्हणजे नर्स" या समजुतीवर. ती आमच्या मंडळात आहे, आपल्या घराघरांत आहे, आणि दुर्दैवाने आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांच्या आरोग्य खात्यांतही आहे.

मला हे सांगण्याचा अधिकार थोडा अनुभवातून आलाय. महाराष्ट्रातून जनरल नर्सिंगची पदविका घेऊन मी इंग्लंडला आले तेव्हा इथल्या नोंदणी मंडळाने मला मोठ्या माणसांची नर्स म्हणून नोंदवलं. मला अपमान वाटला होता. आपल्याकडे मुलांचं नर्सिंग हा अभ्यासक्रमातला एक विषय, तोही मी चांगल्या मार्कांनी पास झालेली, आणि इथे मला सांगतात की मुलांसाठी वेगळी नोंदणी लागते! नंतर ते वेगळं शिक्षण घेतलं आणि पहिल्या सहा महिन्यांतच अपमान विसरले. ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने नर्सांची नोंदणी सुरू झाली, तेव्हापासून आजारी मुलांच्या नर्सांचा भाग वेगळा आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना हे कळलं होतं त्यांच्या हातात आजच्यासारखे मॉनिटर नव्हते. त्यांच्याकडे फक्त बघणारी नर्स होती.

मुलांची नर्स वेगळं काय बघते? मोठ्या माणसाचा रक्तदाब पडला की तो बिघडलाय हे कळतं. मुलाचं शरीर रक्तदाब शेवटपर्यंत धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. रक्तदाब पडेपर्यंत जी नर्स थांबली तिला फार उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही आधी दुसरीकडे बघतो. नाकपुड्या फुलताहेत का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय का, पोट उडतंय का. (खेड्यातल्या आज्या "लेकराचं पोट उडतंय" म्हणतात ना, तेच.) छातीवर बोट दाबून सोडलं तर रंग परत यायला किती सेकंद लागतात. पाय गार आहेत का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मघाशी रडणारं मूल आता गप्प का पडलंय. नवख्या नर्सला गप्प मूल हा दिलासा वाटतो. मला अजूनही त्याचीच धास्ती वाटते.

औषध वजनावर मोजायचं असतं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दसपट होतो, आणि दोन किलोच्या बाळाला ती चूक पचत नाही. सलाईन मोठ्यांच्या सेटवर लावलं आणि रात्री लक्ष गेलं नाही तर सकाळपर्यंत फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. तीव्र कुपोषित मुलाला दर दोन-तीन तासांनी मोजून दूध द्यावं लागतं, रात्री दोनलाही आणि पहाटे चारलाही. ते चुकलं तर रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं, आणि मूल झोपेतच जातं. कागदावर मृत्यूचं कारण म्हणून कुपोषण लिहिलं जातं. चुकलेलं दूध कुठेही नोंदलं जात नाही.

आता आमच्या मंडळाच्या लाडक्या यंत्राकडे, म्हणजे सीपॅपकडे येते. नाकातल्या नळ्यांमधून सतत दाबाने हवा आणि ऑक्सिजन देऊन फुप्फुसं मिटू न देणारं हे साधन. त्याच्या नळीचं दुसरं टोक पाण्यात बुडवलेलं असतं आणि त्यातून बुडबुडे येत राहतात. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलबरोबर असं एक स्वस्त यंत्र तयार केलं. तिथल्या नवजात बालकांवरचा अभ्यास २०१४ साली छापून आला. श्वासाचा तीव्र त्रास असलेल्या बाळांपैकी नुसत्या ऑक्सिजनवर ४४ टक्के वाचली, सीपॅपवर ७१ टक्के. हा आकडा वाचून कोणाचंही मन भरून येईल. आमच्या सभेत तोच वाचून दाखवला गेला.

सभेत जो वाचला गेला नाही तो दुसरा अभ्यास त्याच देशातला आहे. मलावी सरोवराच्या काठचं सलिमा जिल्हा रुग्णालय. तिथे तीव्र न्यूमोनियाच्या पाच वर्षांखालच्या अशा मुलांवर सीपॅप वापरून पाहिलं, ज्यांना एचआयव्ही, कुपोषण किंवा रक्तात ऑक्सिजन कमी असल्याने धोका जास्त होता. डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती, वॉर्ड नेहमीचाच होता. २०१९ साली निष्कर्ष आले. साध्या ऑक्सिजनवरच्या ३२३ मुलांपैकी ३५ गेली, सीपॅपवरच्या ३२१ पैकी ५३. यंत्र लावलेली मुलं जास्त गेली.

दोन्ही अभ्यासांतली मुलं वेगळी, आजार वेगळे, त्यामुळे केवळ नर्सिंगमुळे हा फरक पडला असं मी म्हणणार नाही. तसं त्या अभ्यासाने सिद्धही केलेलं नाही. पण सीपॅपवरच्या मुलाला काय काय लागतं ते मी रोज करते. नळ्या नाकाच्या मापाच्या हव्यात. नाकात शेंबूड साचला की दाब जात नाही, तो काढत राहावा लागतो. नाकाच्या पडद्याची कातडी सोलली जाते, तिच्यावर नजर ठेवावी लागते. पोट हवेने फुगतं, ती नळीने काढावी लागते, नाहीतर दूध उलटून फुप्फुसात जातं. बुडबुडे थांबले तर का थांबले ते शोधावं लागतं. हे सगळं तासातासाला, रात्रभर. एका नर्सकडे चाळीस मुलं असतील, आणि तिला यातलं निम्मं कोणी शिकवलेलंच नसेल, तर ते यंत्र मदत करतंय की त्रास देतंय हे ओळखणार कोण? आणि आम्ही त्या यंत्रावर मंडळाच्या नावाची पाटी लावणार.

याच्या उलट उदाहरणही ब्लँटायरचंच आहे, आणि त्यात दाखवण्यासारखं यंत्र जवळजवळ नाहीच. क्वीन एलिझाबेथमध्ये एलिझाबेथ मॉलिन्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या बाह्यरुग्ण विभागाची मांडणी बदलली. आधी सगळ्या आया एका रांगेत. सर्वात आजारी मूल रांगेच्या शेवटी असेल तर ते शेवटीच. मग रांगेतल्या प्रत्येक मुलाकडे आधी एक नजर टाकायची, धोक्याची लक्षणं ओळखायची आणि ते मूल उचलून पुढे न्यायचं, ही पद्धत घातली. कर्मचाऱ्यांना ती शिकवली, उपचारांची जागा रांगेजवळ आणली. रुग्णालयात दाखल मुलांमधला मृत्यूदर आधी १० ते १८ टक्के असायचा, तो ६ ते ८ टक्क्यांवर आला. २००६ साली हे जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापलंय. देणगीदारांच्या सभेत मात्र हा अभ्यास क्वचितच वाचला जातो, कारण रांगेचा फोटो चांगला येत नाही.

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जगातल्या बाळंतपणांपैकी साधारण ३० टक्के होतात. २०२२ मध्ये जगात पाच वर्षांखालची ४९ लाख मुलं गेली, त्यातली ५७ टक्के या भागातली. इथल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयात गेलात तर खाटांवर मुलंच मुलं दिसतील, बऱ्याच ठिकाणी एका खाटेवर दोन. तरीही बहुतेक देशांत त्यांची काळजी घेणारी नर्स मोठ्या माणसांसाठी शिकलेली असते. मुलांच्या नर्सचं पद नाही, वेगळी नोंदणी नाही, शिकून आली तर पगारात फरक नाही.

त्यावर कळस म्हणजे बदल्या. इथे माझी स्वतःची चूक सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी आमच्या रुग्णालयाच्या एका भागीदारी कार्यक्रमातून मी आफ्रिकेतल्या एका रुग्णालयात दोन आठवडे शिकवायला गेले होते. देश सांगत नाही, कारण तिथल्या मेट्रनने मला फार प्रेमाने सांभाळलं. मी स्लाइड दाखवल्या, बाहुलीवर श्वास द्यायला शिकवलं, प्रमाणपत्रं वाटली, सगळ्यांबरोबर फोटो काढला. कोपऱ्यात दान आलेली दोन यंत्रं प्लॅस्टिकसकट उभी होती. एका मॉनिटरला मोठ्यांच्या बोटाचा चिमटा होता, तो बाळाच्या बोटावर लावून येणारे आकडे वहीत उतरवले जात होते. मला वाटलं, दोन आठवड्यांत मी हे सुधारलं. पाच-सहा महिन्यांनी चौकशी केली तर मी शिकवलेल्या बहुतेकजणी मुलांच्या वॉर्डात नव्हत्याच. कोणी पुरुषांच्या सर्जिकलला, कोणी प्रसूतिगृहात, कोणी बाह्यरुग्ण विभागात. नेहमीची वार्षिक फिरती. वॉर्डात नव्या मुली होत्या, त्यांना बाहुली कुठे ठेवलीय हेही माहीत नव्हतं. माझ्या विमानाच्या तिकिटाच्या पैशात त्यांच्यातल्या एकीची बरीचशी फी भरली गेली असती, हे तेव्हा मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

ही फिरती न्याय्य वाटते, कारण सगळ्यांना सगळं आलं पाहिजे असं त्यामागचं म्हणणं असतं. सर्जनला कोणी वर्षभर डोळ्यांच्या विभागात पाठवत नाही. नर्सच्या बाबतीत मात्र चालतं, कारण तिच्या हाताला येणारं ज्ञान हे ज्ञान मानलं जात नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातल्या ग्रामीण रुग्णालयांत कुपोषित मुलांच्या उपचारांवर अनेक वर्षं काम झालं. मार्गदर्शक तत्त्वं सगळीकडे तीच. तरी काही रुग्णालयं सुधारली आणि काही नाही. संशोधकांनी पाच वर्षांनी जाऊन पाहिलं तर फरक नेतृत्वात, नर्सांच्या सततच्या शिक्षणात आणि त्यांच्या कामावरच्या देखरेखीत सापडला.

आता आक्षेपांकडे. सभेत तीन घेतले गेले आणि तिन्हींत तथ्य आहे, म्हणून टाळत नाही.

पहिला आक्षेप गडचिरोलीचा. "अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून बाळं वाचवलीच ना? मग एवढ्या शिकलेल्या नर्स कशाला?" बंगांचा १९९९ सालचा अभ्यास मीही अभिमानाने सांगते, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पण त्यात काय केलं होतं ते बघा. एकाच गावात राहणारी बाई निवडली, तिला बाळाचा श्वास मोजायला, वजन करायला, धोक्याची लक्षणं ओळखायला नीट शिकवलं, तिच्या कामावर नियमित देखरेख ठेवली, आणि तिची बदली दुसऱ्या गावात पुरुषांचे गुडघे बघायला केली नाही. म्हणजे मुलांची काळजी हे स्वतंत्र कौशल्य मानलं. मी वॉर्डासाठी तेच मागते आहे. शिवाय मलावीत आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, तेव्हा घरातली काळजी कितीही चांगली असली तरी वॉर्डातल्या रात्रीचा प्रश्न तिने सुटत नाही.

दुसरा आक्षेप, की ही पाश्चात्त्य कल्पना आहे, ती आफ्रिकेवर का लादायची? हा आक्षेप घेणारा गृहस्थ पाश्चात्त्य यंत्र लादायला तयार होता, ते असो. खरं तर इंग्लंडची पुस्तकं तिकडे जशीच्या तशी चालत नाहीत हे मला मान्यच आहे. शॉकमधल्या मुलाला भराभर सलाईन द्यायचं, हे आम्हाला इथे पाठ. केनिया, युगांडा आणि टांझानियात तीन हजारांहून अधिक मुलांवर त्याची परीक्षा झाली, २०११ मध्ये निष्कर्ष आले: भराभर सलाईन दिलेल्यांपैकी साधारण साडेदहा टक्के ४८ तासांत गेली, न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. ताप, मलेरिया, रक्तक्षय असलेलं तिथलं मूल वेगळं आहे. म्हणूनच मला दोन नर्स इंग्लंडला आणायच्या नाहीत. त्यांनी आफ्रिकेतच, तिथल्या आजारांवर, तिथल्या शिक्षकांकडून शिकावं. केप टाउनला रेड क्रॉस मुलांचं रुग्णालय १९५६ पासून आहे. त्याच्याशी जोडलेला केप टाउन विद्यापीठाचा मुलांच्या नर्सिंगचा विभाग मिनेट कुट्सी यांच्या नेतृत्वाखाली वाढला आणि त्यांनी शेजारच्या देशांतल्या नर्सिंग शिक्षकांबरोबर काम उभं केलं.

आणि तिथे एक गोष्ट अशी शिकवतात जी आम्हाला इंग्लंडमध्ये फार उशिरा कळली. मुलाची आई. ब्रिटनमध्ये आईवडिलांना भेटीच्या वेळेपलीकडे वॉर्डात येऊ द्यावं, ही शिफारस करायला १९५९ साली सरकारी समितीचा अहवाल लागला. आफ्रिकेतल्या वॉर्डात आई पहिल्यापासून खाटेपाशीच असते, रात्री खाटेखाली झोपते. नळीने दूध तीच भरवते, अंग तीच पुसते. तिला भिंतीशी उभी करायचं की कामात घ्यायचं, हे नर्सच्या शिक्षणावर ठरतं. २०२१ मध्ये घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारतातल्या कमी वजनाच्या बाळांचा मोठा अभ्यास आला. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवलेल्यांत १२ टक्के गेली, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागाच्या आत आणावी लागली. ओल्या बाळंतिणीला आणि दीड किलोच्या बाळाला एका खाटेवर सांभाळणं हे शिकून करायचं काम आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचला, कारण तो माझ्याकडे बघून घेतला गेला. "शिकवल्या की त्या इथेच येणार, तुझ्यासारख्या." हो, काही येतील. माझ्या वॉर्डात घाना आणि झिंबाब्वेच्या सहकारी आहेत आणि त्यांच्या हातात मी माझं मूल डोळे मिटून देईन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ५५ देशांची यादी केली, ज्यांच्याकडे स्वतःलाच आरोग्य कर्मचारी पुरत नाहीत. मलावी, घाना, झिंबाब्वे तिच्यात आहेत. ब्रिटन तिथे जाऊन भरती करत नाही म्हणतं, पण नर्सने आपणहून अर्ज केला तर दार उघडं असतं. दुसऱ्याच्या पैशाने शिकलेली नर्स घ्यायची आणि मग त्या देशाला यंत्र दान द्यायचं, हा व्यवहार मला लाजिरवाणा वाटतो. पण त्या जातात म्हणून त्यांना शिकवायचं नाही? मी महाराष्ट्र का सोडला ते मला आठवतं. पगार कमी होता, पण तेवढंच नव्हतं. पाच वर्षं काम करूनही माझ्या मताला वॉर्डात किंमत नव्हती आणि पुढे काही होण्याची शक्यता दिसत नव्हती. मुलांच्या वॉर्डात कायमचं पद, त्या शिक्षणाची नोंद, पगारात थोडा फरक आणि वर शिकवण्याची संधी असती तर मी गेले असते की नाही, खरंच सांगता येत नाही. पण थांबण्याचं एक कारण तरी असतं.

आपल्या घरांबद्दलही एक बोलते, मग थांबते. इथल्या आपल्या मुलांना आपण डॉक्टर व्हायला सांगतो. सत्यनारायणाला भेटलेल्या मावशींना मी काय करते ते सांगितलं की "अरे वा, छान, पण पुढे काही?" असं विचारतात. हाच प्रश्न आमच्या मंडळाचे पैसे कुठे जातील ते ठरवतो, हे मला त्या सभेत बसल्याबसल्या कळलं.

पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे आणि मी ठराव पुन्हा मांडणार आहे. दोन नर्सची फी, शिकत असताना त्यांच्या जागी काम करणाऱ्यांचा पगार, आणि परत आल्यावर निदान तीन वर्षं त्यांना मुलांच्या वॉर्डातून हलवणार नाही असं रुग्णालयाचं लेखी आश्वासन. ते आश्वासन मिळालं नाही तर पैसे देऊ नयेत, हेही ठरावात आहे. काकांनी कालच फोन करून विचारलं, मग पाटीचं काय करायचं?